गूळ न घालता

हडपसरच्या कारखान्यात बत्तीस वर्षं
ह्यांनी भट्टीवर काढली.
गिअर तापवायचे, मुरवायचे, तेलात विझवायचे,
आणि घरी आल्यावर चहाचा गॅस मात्र
मी पेटवायचा.

आता शर्वरीनं धाडलेला ओव्हन
बिबवेवाडीच्या आमच्या ओट्यावर बसलाय,
मिक्सरला हलवून, मानाच्या जागी.
पहिल्याच दिवशी ह्यांनी त्यात
आपला जुना तापमापक घालून बघितला.
दोनशे दाखवतो, म्हणाले, आहे एकशे ऐंशी.
खोटं बोलतो.
चष्मा कपाळावर ढकलून
बटणाशी स्केचपेननं नवी खूण केली.

सकाळी मार्केट यार्डातून पिशवी येते:
लाल भोपळ्याची फाक, फ्लॉवर, श्रावणघेवडा,
दोन ढोबळ्या मिरच्या, कांदे,
काटेरी देठाची वांगी.
रताळं उचललं होतं, परत ठेवलं, म्हणतात,
आणि सांगताना तोंड असं
की पंगतीतून कोणी उठवलंय.

चिरताना माझं काही चालत नाही.
"सगळे जॉब एका मापाचे हवेत,
नाहीतर एक जळतो, एक कच्चा राहतो."
भोपळ्याला फूटपट्टी लावायची तेवढी बाकी आहे.
शेंगदाण्याचं तेल दोन चमचे, मोजून.
मीठ, ठेचलेला लसूण, चिमूट ओवा.
मी मधेच गोडा मसाला भुरभुरवला.
"डॉक्टर गुंजाळांनी गोड बंद केलंय."
गोड, म्हटलं. गोडा नाही.

ट्रेमध्ये फोडी लांब लांब मांडतात.
गर्दी झाली की वाफ धरते,
मग भाजत नाही, नुसतं शिजतं.
उमेदीची वर्षं मी अकरा माणसांच्या घरात काढली.
मला सांगतायत.

मग स्टूल ओढून काचेसमोर.
पंचवीस मिनिटं. टीव्ही बंद.
वांग्याची साल सुरकुतते,
कांदा पाकळीपाकळीनं सुटतो,
भोपळ्याच्या कडेवर तपकिरी रेघ चढते.
"रंग बघ. गिअरलाही अस्साच यायचा."
इतकी वर्षं हे तिकडे काय बघत होते
ते मला आत्ता दिसलं,
शेजारी दुसरं स्टूल टाकल्यावर.

बाहेर काढून लिंबू पिळलं. चर्र झालं.
"क्वेंचिंग," म्हणाले, आणि स्वतःच हसले.
ज्वारीची एक भाकरी, ताक.

दुसऱ्या घासाला चावणं थांबलं.
"गूळ घातलास?"
नाही.
"खरं सांग."
चाळीस वर्षं मी आमटीत घातला,
भरल्या वांग्यात घातला, पालेभाजीत,
कळू न देता कारल्यातही,
कोणी विचारलं नाही.
आज डब्याला हात लावला नाही तर चौकशी!
करपल्या कडेचा कांदा उचलून
त्यांच्या पानात ठेवला.
हा त्याचा स्वतःचा आहे, म्हटलं.
आधीपासून होता.
आपण वरून ओतत बसलो.
तो त्यांनी फार सावकाश खाल्ला,
चोरून मिळाल्यासारखा.

दुपारी हे झोपल्यावर
मी त्यांचं शुगरचं यंत्र काढलं.
सुई बदलली. करंगळीला टोचलं.
पट्टीनं थेंब ओढून घेतला.
दोनशे एकतीस.
पट्टी कागदात गुंडाळून केराच्या तळाशी घातली.
चहाच्या डब्यामागचा गुळाचा डबा
काढला, हातात धरला,
होता तिथे ठेवला.

संध्याकाळी हे फ्लॉवरचे तुरे मोडत होते.
आज जरा जास्त घ्या, म्हटलं.
"कोणी येणार आहे?"
नाही.
त्यांनी माझ्याकडे बघितलं,
मग करंगळीकडे.
खालच्या कप्प्यातून दुसरा ट्रे काढला,
फडक्यानं पुसला,
आणि भट्टी पाच मिनिटं आधीच लावली.