खर्ची

लायन गेटमधून आत, उजव्या हाताची तिसरी वखार माझी.
दोर, कंदील, घोंगड्या, रंगाचे डबे, जर्मनचे मग.
बोटीवर जातं ते माझ्या सहीनं जातं,
येतं तेही.

मंगळवारी साहेबानं कागद पुढ्यात सरकवला.
‘केतकी’ आणि ‘सुरंगी’, दोन्ही गनबोटी.
ठिकाणाच्या जागी काळी शाई फासलेली,
तारखेच्या जागीही.
म्हणाला, पाठारे, दोन्हींचं सामान खर्ची टाका.

तशा लहानच त्या.
पुढं एक तोफ, तिच्यावर ताडपत्री,
मागं कुणाची तरी लुंगी वाळत घातलेली.
शेजारी क्रूझर लागली की तिच्या सावलीत
दिसायच्याही नाहीत.

लिहीत गेलो.
घोंगड्या, बेचाळीस. खर्ची.
मग, बेचाळीस. खर्ची.
(सोलकर भंडारी दर खेपेला म्हणायचा,
लढाई जर्मनशी नि चहा जर्मनच्या मगात!
आणि आमच्याआधी स्वतःच हसायचा.)
दोर, ऐंशी वाव. खर्ची.
तिथं पाणी किती वाव असेल
ते काळ्या शाईखाली.

‘केतकी’च्या पानावर एक गोल डाग आहे.
निघायच्या आदल्या सांजेला सोलकर किटली घेऊन आला होता.
बूड गळतंय, बदलून दे.
मी म्हटलं, चिठ्ठी आण, वर साहेबाची सही आण.
त्यानं किटली इथंच, उघड्या वहीवर टेकवली.
“राहू दे तुझ्यापाशी. परत आलो की चिठ्ठीचं बघू.”
नव्या किटल्या मागच्या फळीवर होत्या.
अकरा.

पुढं चहा त्यांनी कशात उकळला असेल?

माझगावच्या गावकीच्या खोलीतून
मयेकरचा चुलता येऊन गेला,
आणि एक बाई, कडेवर मूल, गेटच्या बाहेरच उभी.
सगळ्यांना मी एकच सांगितलं,
माझ्याकडे सामान असतं,
माणसं दुसऱ्या कचेरीत.

शुक्रवारी तपासनीस आले.
फळ्या मोजत मोजत एका जागी थबकले.
ही किटली कुठली? केतकीची?
ती तर बुडाली.
वही उलटी-सुलटी चाळली, चष्मा पुसला, म्हणाले,
हिशेबात एक किटली जास्त भरतेय, पाठारे.

मी नुसताच उभा.
मग म्हटलं, गळकी आहे, साहेब.
“मग टाकून द्या.”

डब्याच्या पिशवीतून ती मुगभाटात आणली.
रात्री खिडक्यांना काळा कागद लावला,
कंदील खाली केला,
किटलीत काठोकाठ पाणी भरलं
आणि बुडाखाली तळहात धरून बसलो,
रिकामी व्हायला
किती वेळ लागतो ते बघत.