काहील उतरायच्या आधी

आकारिक नोंदींची वही मी पेन्सिलीनं लिहिते.
केंद्रप्रमुखांना ते पटत नाही.
"बाई, शाईनं लिहा. तपासणीत खोडाखोड दिसता कामा नये."
मी मान हलवते
आणि पेन्सिलीला टोक करते.

तिसरीचा वर्ग, पट तेवीस,
खिडकीबाहेर भोगावतीपर्यंत उतरत गेलेला ऊस.
हर्षल पोवार, हजेरी क्रमांक नऊ.
बावन्न वजा सत्तावीस: पस्तीस.
एकसष्ट वजा चौतीस: तेहेतीस.
चाळीस वजा अठरा: अडतीस.
रकाना एवढंच विचारतो, किती बरोबर?
शून्य. क-दोन. पुढचं नाव घ्या.

पण चुका सगळ्या एकाच गावच्या होत्या,
एकाच पाणंदीनं आलेल्या.
त्याला शेजारी बसवलं, म्हटलं, मोठ्यानं कर.
"दोनातनं सात जात न्हाईत, बाई.
म्हणून सातातनं दोन काढलं."
"असं कुणी सांगितलं?"
तो माझ्याकडं नुसता बघत राहिला.

पहिलीत मीच सांगितलं होतं.
फळ्यावर, रंगीत खडूनं, शेजारी आंबे काढून:
लहानातून मोठं जात नाही.
त्या दिवशी त्याच्या नावापुढं
मी माझी चूक लिहिली.
तिच्यासाठी वहीत रकाना नव्हता,
समासात लिहिली.

मग आठवडाभर तो आलाच नाही.
गुऱ्हाळ लागलं होतं.
मी गेले तेव्हा चिपाडं पसरून वाळवत होता,
मला बघून चिपाडांच्या ढिगामागं गेला.
त्याचे वडील सर्जेराव गुळव्या,
वाफेत उभे, भुवया पांढऱ्या झालेल्या,
बोलत होते माझ्याशी, डोळे काहिलीवर.
मधेच उलथन्याच्या टोकावरचा थेंब
वाटीतल्या गार पाण्यात सोडायचे,
दोन बोटांत घोळायचे.
"अजून न्हाई."
चुलवाण्याला हाक: "जाळ कमी कर."
पुन्हा थेंब, पुन्हा वाटी.
"अजून न्हाई."

विचारलं, इतक्या वेळा कशाला बघता?
तराजू आहेच की शाहूपुरीत,
व्यापारी आहे, प्रत ठरवणारा आहे.
ते हसले.
"रवा बांधल्यावर कळून काय उपेग, बाई?
जाळ आत्ता हातात हाय."

येताना गरम गुळाचा गोळा
त्यांनी उसाच्या पाल्यावर दिला.
जीभ भाजली. सांगत नाही कुणाला.

सोमवारी हर्षल आला,
त्याच्याकडूनच मी कांड्या मागवल्या होत्या.
दहा-दहाच्या मोळ्या बांधल्या, वर सुट्या ठेवल्या.
"दोनातून सात द्यायचेत. काय करशील?"
बराच वेळ त्यानं दोराशी खेळ केला.
अल्फिया मुल्लाणी मागून ओरडली,
"अरं, मोळी सोड की!"
मी तिला गप्प केलं नाही.
वहीत तिच्याही नावापुढं एक ओळ गेली.

शुक्रवारी प्रगतीचा तक्ता मागवला गेला.
श्रेणी भरा, आलेख जोडा,
दुपारी चारच्या आत पाठवा.
सव्वातीनला मी हर्षलला पाटी दिली:
त्र्याऐंशी वजा सेहेचाळीस.

एककाखाली त्यानं तीन लिहिले.
थांबला.
बोट थुंकीनं ओलं करून पुसले.
ओठ हलले, "मोळी",
आणि तिथं सात आले.
मग दशकाखाली, बिनधास्त,
आठातून चार: चार.

सत्तेचाळीस.
उत्तर चूक. तक्त्यात पुन्हा शून्य.

मी पेन्सिल घेतली:
थांबला. आपणहून पुसलं.
मोळी सोडली.
सोडलेली मोळी मोजायची राहिली.
सोमवारी तिथून.

बाहेर शाळा सुटल्याची घंटा,
चारला दहा कमी.
श्रेणीचा रकाना मोकळाच,
आणि वाऱ्यावर कुठूनतरी
उकळत्या रसाचा वास.
अजून न्हाई.