दोन किल्ल्यांचं कपाट

एक किल्ली माझ्याकडे, दुसरी तडवी सिस्टरकडे.
आत फार काही नाही.

लीलाधर झोपे, भुसावळ. लोको शेडचे फिटर, निवृत्त.
आडनाव झोपे,
आणि नऊ रात्री डोळ्याला डोळा नाही.

द्वारकाबाई खिडकीच्या गजांतून विचारतात,
"भाऊ, साऱ्या दुखन्याच्याच ना गोया?
मंग इतल्या येगयेगळ्या कायले?"

काय सांगू.
ट्रॅमाडॉल जबड्याच्या हाडापर्यंत गेली,
कडी वाजवली, कोणी उघडलं नाही.
येताना मळमळ तेवढी ठेवून आली.

कोडीनचं निराळं. ती स्वतः फारसं करत नाही,
यकृतात जाऊन तिचं मॉर्फीन व्हावं लागतं,
आणि प्रत्येकाच्या अंगात ते होतंच असं नाही.
पलीकडच्या खाटेवर धडगावच्या रायसिंग पावराला लागू पडली,
यांना नाही.
"म्हंजे इरजन," बाई म्हणाल्या,
"एखांद्याच्या घरी लागतच नही."
मी बी. फार्म. चार वर्षांत केलं.

मॉर्फीन म्हटल्यावर हेमराज, मुलगा, मागे सरकला.
"अफूच ना ती? म्हणजे आता संपलंच?"
नाही रे. दर चार तासांनी, घड्याळ बघून,
दुखायची वाट न बघता.
आणि पोट साफ व्हायचं औषध रोज.
केळीचा मुलूख असला तरी
नुसत्या केळ्यांनी भागायचं नाही.

मग जबडा मिटला. घोटही जाईना.
चिठ्ठीवर आलं: फेंटॅनिलची पट्टी.
दंडावर चिकटवायची, तीन दिवस बघायचं नाही.
मी पट्टी हातात घेतली, आणि विचारलं,
"घराला स्लॅब आहे का पत्रा?"
"पत्रा."
बाहेर शेहेचाळीस.
उन्हानं अंग तापलं की
ही पट्टी तीन दिवसांचं घाईनं देऊ लागते,
आणि माणूस श्वास घ्यायचा विसरतो.

डॉक्टरांना फोन लावला.
पट्टी परत कपाटात. मॉर्फीनच,
पण विरघळवून, नाकातल्या नळीतून.

आठवड्यानं बाई आल्या. रिकाम्या स्ट्रिपा
रुमालात बांधलेल्या, मोजून.
सहा सत्ते बेचाळीस.
वहीत तारीख, नाव, संख्या, सही.
"काल दुपारी घोरले," त्या म्हणाल्या,
"पत्रा वाजे इतले."
वहीत त्याला रकाना नाही.
सिस्टरनी दुसरी किल्ली फिरवली.