पेवात कंदील

अकरा वर्षांपूर्वी मिरजेत बसवलेला सांधा
हल्ली पहिल्या तीन पावलांना बोलतो.
चौथ्याला गप्प.

हे ऐकल्यावर डॉक्टर मगदूमांनी
कागदावरून मान वर केली.
"कुठं दुखतं? जांघेत, की मांडीत?"
मांडीत, मी म्हणालो. मधोमध.
"म्हणजे वाटी नाही, दांडा," ते म्हणाले,
जसं काही घरातल्या भांड्यांची चौकशी चाललीय.

जुने एक्स-रे शेवंतानं गादीखाली ठेवले होते,
सपाट राहावेत म्हणून.
एक पहिल्या वर्षाचा, एक चौथ्या,
एक पुराच्या सालचा, कडेला पाण्याचा डाग.
तिन्ही उजेडावर लावले, शेजारी आजचा.
हाडाच्या आणि दांड्याच्या मध्ये काळी रेघ.
आधी नव्हतीच. मग केसाएवढी.
आता दोन मिलिमीटर.

मी हरिपूरचा तोलाईदार, चौतीस वर्षं.
काट्याची थरथर मला लांबून कळायची.
आणि ही रेघ माझ्याच मांडीत रुंदावत गेली
तर पत्ता नाही.

"सैल झालाय हे दिसतंय. का झालाय, ते दिसत नाही.
नुसता झिजला असेल, तर एकदाच उघडू.
आत जंतू असतील तर सगळं काढायचं,
औषध कालवलेलं सिमेंट भरून ठेवायचं,
दोन-तीन महिने थांबायचं, आणि पुन्हा."
शेवंतानं विचारलं, तोवर चालायचं कशानं?
डॉक्टर म्हणाले, "म्हणून तर आधी बघायचं."

रक्त घेतलं.
नळीत ते किती वेगानं खाली बसतं, ते मोजतात.
आम्हीही हळद पाण्यात टाकून बघायचो,
खरी खाली बसते, भेसळ तरंगते.
आकडा आला अठ्ठावीस.
इकडचा नाही, तिकडचा नाही.

मग सुई ठरली.
आधी दोन आठवडे सगळ्या गोळ्या बंद,
नाहीतर जंतू लपून बसतात म्हणे.

पेवाचं तोंड उघडलं की कुणी लगेच उतरत नसे.
माती काढायची, फरशी सरकवायची,
रात्रभर वाफ जाऊ द्यायची,
सकाळी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
ज्योत टिकली, तर माणूस.
विझली, तर कितीही गाड्या उभ्या असोत, थांबायचं.
सिदराम थांबला नव्हता.
त्याला वर काढलं ती दोरी
पुढं बरीच वर्षं खुंटीला होती, कुणी वापरली नाही.

खोली गार. इर्शाद म्हणाला, "काका, हलू नका."
पडद्यावर सुई उतरताना दिसत होती,
कातडी, मांस, अंधार,
आणि धातूला टेकली, तो आवाज
मला कानानं नाही, आतून आला.
सिरिंजमध्ये आलं चमचाभर, पिवळसर.
शेवंता म्हणाली, हळदच ती,
इतक्या वर्षांची, जाणार कुठं.

चौदा दिवस ते काचेच्या ताटलीत ठेवणार,
काही उगवतं का, बघणार.
परवा लॅबला फोन केला.
"अजून काही उगवलं नाही," पोरगी म्हणाली.
फोन ठेवताना मी तिला दोनदा
बरं झालं, बरं झालं म्हणालो.
शेतकऱ्यांच्या गावात असं कुणी म्हणत नाही.

आज दहावा.
पहाटे खाटेची कड धरून उठलो.
एक.
दोन.
स्वयंपाकघरातून शेवंता म्हणाली,
तीन.