मोजणी

पाटणच्या पुढे, रस्ता संपतो तिथे
गाडी लावली. बाबू झोरेने
घळीच्या तोंडाशी चपला काढल्या,
आमची डोकी मोजली : पाच.

कठडा नाही, पायऱ्या नाहीत,
पाटी लावायला कुणी आलंच नाही अजून.
खाली मोरणा, दोन कातळांत अंग चोरून
कुणाशी तरी सतत भांडत असल्यासारखी.

मुजावरांची शिरीन दोराला लोंबकळत
खदाखदा हसली. बँकेत अकरा वर्षं शेजारी बसते,
हे हसू मी ऐकलं नव्हतं.
मी बसूनच घसरले. पँट फाटली.
डोहात पाय सोडले तर
इवले मासे टाचेच्या भेगा टोकरू लागले.

वर आभाळ वीतभर.

"मुद्दाम कशाला येता वो हितं?"
बाबू उतरतो ते म्हैस चुकली तरच.
तिघी एकदम बोलल्या, मग गप्प झाल्या.
त्याने करवंदीची जाळी हाताने बाजूला धरली,
शेवटची निघेपर्यंत.

उन्हं कलल्यावर, तोंडाशी,
त्याने पुन्हा मोजलं,
बोट नाचवत, ओठ हलवत,
गोठ्यात घेताना मोजतात तसं.
"भरल्या," म्हणाला,
आणि चपला शोधू लागला.