साखर पेठेतला सर्व्हर

व्यंकटेश कोंगारीच्या कॅफेत
जिन्याखाली एक डबा घरघरायचा,
वर खडूनं : बंद करू नये.
मागच्या गल्लीत माग, इथे हा,
दोघांनाही रात्रपाळी.

पिंग पाच.
आत इरण्णा, मोहसीन,
आणि चादर_४२०, ज्याला कधी पाहिलं नाही,
पण डावीकडूनच येणार हे ठाऊक.
कुणी चीटिंग केली की व्यंकटेश
चहा ठेवून खुर्चीमागे उभा राहायचा. बस.

आता बटण दाबतो. शोधतंय… शोधतंय…
सिंगापूरहून नऊ माणसं जुळवून मिळतात,
माझ्याच तोलाची म्हणे.
जिंकतो. कुणी शिवीही देत नाही.
पुन्हा शोधतंय.

परवा कन्ना चौकात
टपरीच्या डावीकडून एक जण अचानक निघाला,
हातात दुधाची पिशवी.
मी खाली वाकलो.

तोही.