कासवींचा हंगाम

सातवा सरला आणि विमानाचं तिकीट हातात आलं.
आमच्या बेटावर आता कुणी जन्मत नाही.
शाळा आहे, चर्च आहे, पेट्रोल पंप आहे,
दफनभूमीसुद्धा आहे, समुद्राकडे तोंड केलेली.
मरायला हरकत नाही.
बाळंतपणाची खोली तेवढी नाही,
म्हणून दिवस भरत आलेल्या बाईनं
पाणी ओलांडायचं
आणि रेसिफेत, कुणाच्या तरी वरच्या खोलीत,
वाट बघायची.

माझी खोली दोना लिंदाल्वाची.
पंखा एका बाजूला मान वळवतो,
परत येताना अडखळतो.
खिडकीखाली खाडी. ओहोटीला चिखल उघडा पडतो
आणि खेकडे एक नांगी वर करून
बस थांबवायला उभे असल्यासारखे.
पाय सुजलेत. अंगठी साबणानंही निघेना,
शेवटी लिंदाल्वानं दोऱ्याचे वेढे घालून काढली
आणि साखरेच्या डब्यात टाकली.
‘इथे चोर हात घालत नाहीत,’ म्हणाली,
‘मुंग्या घालतात.’

पलीकडची खाट जोझेनिल्दाची.
आमच्याच बेटाची, वरच्या रस्त्यावरची.
तिथे असताना मी तिच्याशी चार वाक्यं बोलले नसेन.
इथे रात्री एकमेकींना कूस बदलायला हात द्यायचो,
वाळूवरची होडी दोघींनी मिळून कलती करावी तसा.
मंगळवारी पहाटे ती म्हणाली, ‘पाणी गेलं,’
इतक्या हळू
की मला वाटलं नळाचं बोलतेय.
मी म्हटलं, सहाला येईल, झोप.

मुलगी झाली तिला.
तिची एक चप्पल अजून खाटेखाली आहे.

संध्याकाळी सातला अदेइल्तनचा फोन येतो.
या हंगामात त्याची रात्रपाळी किनाऱ्यावर.
कासवी येतात अंडी घालायला,
त्यांच्यासाठी अंधार पडला की अख्खा किनारा बंद,
दिवे विझवतात, दोरी बांधतात, पाटी लावतात:
शांतता राखा.
‘काल एक आली,’ तो अजूनही कुजबुजतच सांगतो,
‘केवढी थोरली! एकशे अठरा घातली. मोजली मी.
मध्येच थांबली, तर मी श्वास धरून बसलो.’
मग?
‘मग काय, वाळू लोटली आणि गेली.
वळूनसुद्धा बघितलं नाही.’

कुठल्या कुठल्या समुद्रांतून येते ती,
जिथे स्वतः कवच फोडून निघाली त्याच वाळूकडे,
आणि तिला कुणी म्हणत नाही,
बाई, इथे सोय नाही.

माझ्यापाशी कुणी श्वास धरून बसलेलं नाही, अदेइल्तन,
असं मी म्हणत नाही.
म्हणते, जेवलास का?

पोट खाली उतरलंय.
बसले की तेही मांडीवर बसतं.
कातडीखालून काहीतरी सरकतं, टाच असेल, कोपर असेल,
होडीखालून मोठा मासा जावा तसं:
दिसत काही नाही,
होडीला कळतं.

इस्पितळात फॉर्म भरणारी पोर विचारते, जन्मस्थळ?
मी बेटाचं नाव सांगते.
ती वर बघते. ‘तिथे जन्मतात?’
जन्मत होते.
मी आईच्या खाटेवर झाले; सुईण चालत आली होती,
येताना वाटेत मासळीसुद्धा घेऊन.
माझी नाळ घरामागच्या काजूखाली पुरली आहे,
हल्ली तिथे अदेइल्तन जीप लावतो.
‘नशीबवान,’ पोर म्हणते,
‘लोक पैसे साठवून जातात तिकडे.’
आणि ठप्पा मारते.

काल लिंदाल्वाकडे एक काड्यापेटी मागितली.
ती म्हणाली, दिवस भरलेल्या बाईला काड्या कशाला?
काड्या नकोत, म्हटलं, पेटी हवी.
नाळ गळून पडायला आठवडा लागतो म्हणतात,
विमान त्यानंतरचं आहे.
तिनं काड्या वाटीत ओतल्या.
माझ्याकडे बघितलं, विचारलं काही नाही.

पिशवीत दुपट्यांच्या मध्ये ठेवली आहे.
रात्री झोप लागत नाही तेव्हा काढते,
कानाशी धरून हलवते.
अजून काही वाजत नाही.